योसेमिटीत चार रात्री, पाच माणसं आणि हुकअप नाही : आरव्हीतलं पाणी कसं पुरवायचं?

सुरंगी | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदाच आरव्ही, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला चाललो आहोत. तिथल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये चार रात्रींची जागा मिळाली. त्यासाठी जानेवारीत सकाळी सातच्या ठोक्याला दोन लॅपटॉप आणि तीन फोन घेऊन बसलो होतो, त्यामुळे ही सहल आता कुठल्याही कारणाने बिघडू द्यायची नाही.

आम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांची मुलं आणि माझी आई. आई लातूरहून तीन महिन्यांसाठी आली आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तंबू नको आणि म्हणूनच आरव्ही.

आता अडचण अशी की योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत. वीज नाही, पाण्याचं कनेक्शन नाही, सांडपाण्याचा पाइप नाही. गाडीत जे भरून नेऊ ते वापरायचं आणि जे तयार होईल ते गाडीतच साठवायचं. गाडी पंचवीस फुटी क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची आहे. कंपनीने पाठवलेल्या कागदावर लिहिलंय : फ्रेश टँक ४० गॅलन, ग्रे ३० आणि ब्लॅक २५. फ्रेश म्हणजे स्वच्छ पाणी, ग्रे म्हणजे बेसिन आणि आंघोळीचं सांडपाणी, ब्लॅक म्हणजे संडासाचं, इथवर कळलं. पाच माणसांना हे चार दिवस पुरेल का, हे कळत नाही. आईसमोर संडासाच्या टाकीचा घोळ व्हायला नको, एवढीच इच्छा आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आडवाट | ४ मे, रात्री १०:३५

आधी आकडे लिटरमध्ये आणा, डोक्यात लगेच बसतात. ४० गॅलन म्हणजे १५१ लिटर. ३० म्हणजे ११४. २५ म्हणजे ९५.

यातला तुमचा खरा प्रश्न ११४ हा आहे. सगळे नवीन लोक 'पाणी संपलं तर?' या काळजीत असतात. पाणी संपलं तर आणता येतं, कॅम्पग्राउंडमध्ये पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. पण ग्रे टँक भरला की पुढच्या थेंबाला जागाच नाही. तो भरला की पाणी शॉवरच्या तळातून वर येतं, कारण शॉवरचं भोक सगळ्यात खाली असतं.

आंघोळीचा हिशोब बघा. शॉवर मिनिटाला साधारण २ गॅलन सोडतो, म्हणजे साडेसात लिटर. पाच मिनिटं आंघोळ केली तर ३८ लिटर. तीन जणांच्या आंघोळी झाल्या की ११४ लिटर, टँक फुल्ल. चौथ्याने काय करायचं?

उलट बाजूने : ११४ लिटर, चार दिवस, पाच माणसं. माणशी दिवसाला ५.७ लिटर सांडपाणी. यात तोंड धुणं, हात धुणं, भांडी, सगळं आलं.

सुरंगी | ४ मे, रात्री १०:५२

५.७ लिटर?? आमच्या घरी ब्रश करतानाच तेवढं जात असेल.

उन्हाळपक्षी | ५ मे, सकाळी ७:१५

सुरंगी, घाबरू नका, सगळं जमतं. मी आणि सौ. नऊ वर्षं आरव्हीत हिंडतोय. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइटच्या आसपास सरकारी जमिनीवर दोन-दोन आठवडे राहतो. तिथे नळसुद्धा नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट, गाडीतल्या पॅनेलवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. रिकामा, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण असे चार दिवे असतात. टाकीच्या भिंतीत धातूच्या खुंट्या असतात, पाणी त्यांना टेकलं की दिवा लागतो. ब्लॅक टँकमध्ये त्या खुंटीला कागद चिकटतो, ग्रेमध्ये तेलकट साय धरते, आणि मग टाकी रिकामी असली तरी दिवा 'दोन तृतीयांश' सांगत राहतो. भाड्याच्या गाड्यांत तर हे जवळजवळ ठरलेलंच. तेव्हा हिशोब आपण मोजलेल्या पाण्याचा.

दुसरी गोष्ट, ब्लॅक टँक कोरडा नसावा. रिकामा केल्यावर लगेच संडासातून आठ-दहा लिटर साधं पाणी आत सोडायचं आणि मग त्यात एन्झाइमचं औषध. पाणी कमी पडलं की घट्ट माल तळाला बसतो, वाळतो आणि ढीग होतो. वास येतो तोही पाणी कमी असल्यामुळेच. नवीन लोक पाणी वाचवायचं म्हणून संडासात सगळ्यात कमी पाणी टाकतात, तिथेच चुकतं. औषध घेताना फॉर्माल्डिहाइड नसलेलं घ्या. बऱ्याच डंप स्टेशनांचं (टाक्या रिकाम्या करायच्या जागांचं) पाणी सेप्टिक टँकमध्ये नाहीतर छोट्या प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथले जिवाणू त्याने मरतात.

तिसरी गोष्ट, पाण्याचा पंप. बारा व्होल्टचा असतो, मिनिटाला दहा-अकरा लिटर सहज ओढतो. वापर झाला की स्विच बंद. रात्री बंद, गाडी चालताना बंद. एखाद्या मुलाने नळ अर्धवट सोडला आणि सगळे फिरायला गेले तर परत येईपर्यंत फ्रेश रिकामा आणि ग्रे तुडुंब, दोन्ही एकदमच.

चौथी, संडासात फ्लश करताना छताचा पंखा बंद ठेवा. पंखा चालू असला की तो टाकीतली हवा वर ओढतो. आणि प्रवासानंतर बेसिनमधून वास आला तर टाकी भरली असं समजू नका. बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी हिंदकळून गेलेलं असतं. कपभर पाणी ओता, वास जातो.

केवडा | ५ मे, दुपारी १२:२०

उन्हाळपक्षी यांनी दिव्यांबद्दल लिहिलंय त्याला माझी साक्ष. आम्ही गेल्या वर्षी ग्रँड कॅन्यनला गेलो, मॅदर कॅम्पग्राउंड. तिथेही हुकअप नाहीत, शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आहेत पण जागा मिळाली नव्हती. गाडी ताब्यात घेतली तेव्हा ब्लॅक टँकचा दिवा दोन तृतीयांशवर होता. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, सेन्सर खराब आहे, टाकी रिकामी आहे. आम्ही मान डोलावली.

टाकी रिकामी नव्हती. आधीच्या भाडेकरूंचा माल तसाच होता. दुसऱ्या रात्री साडेअकराला माझ्या मुलीने फ्लशचं पेडल दाबलं आणि पाणी खाली न जाता वर वर येत राहिलं. सात हजार फुटांवर, बाहेर गोठवणारी थंडी, आम्ही सगळे स्वेटर चढवून टॉर्च घेऊन सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे चालत गेलो. मुलगी रडत होती, तिला वाटलं तिनेच काहीतरी मोडलं. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो आणि त्या माणसाचा अजून राग येतो.

म्हणून सुरंगी, गाडी घेताना त्यांच्याच आवारात, तुमच्या डोळ्यांसमोर ब्लॅकची झडप उघडून दाखवायला सांगा. संडासातून टॉर्च मारून आत बघा. संकोच करू नका.

सुरंगी | ५ मे, दुपारी १:०५

केवडा, वाचूनच पोटात गोळा आला. झडप उघडून बघणार म्हणजे बघणारच.

एक प्रश्न विचारायचा होता, जरा संकोच वाटतोय, पण इथे आपलीच माणसं आहेत. आईला संडासला पाणीच लागतं. कागद तिला जमत नाही आणि तिने तो जमवावा असं मलाही वाटत नाही. तांब्या चालेल का ब्लॅक टँकला?

उन्हाळपक्षी | ५ मे, दुपारी १:४०

चालेल काय, उत्तमच आहे! ब्लॅक टँकचा खरा शत्रू कागद. तो विरघळला नाही तर सेन्सरला चिकटतो, झडपेत अडकतो, ढिगाचा पाया होतो. पाणी वापरणाऱ्या माणसामुळे टाकीत कागद कमी आणि द्रव जास्त जातो, म्हणजे टाकीला हवं तेच. आम्ही दोघंही नऊ वर्षं पाणीच वापरतो आणि टाकी तुंबली असं एकदाही झालेलं नाही. एका वेळी अर्धा-पाऊण लिटर पुरतं. दाबायची छोटी बाटली मिळते, तिने आणखी कमी लागतं. पण आईंना सवय तांब्याची असेल तर तांब्याच ठेवा.

बाकीच्यांसाठी कागद निवडताना : बरणीत पाणी घ्या, दोन चौकोन टाका, झाकण लावून हलवा. कागदाचा लगदा झाला तर तो कागद चालेल. तुकडे तसेच तरंगत राहिले तर नको. ओले वाइप्स टाकीत कधीच टाकायचे नाहीत, पुड्यावर काहीही लिहिलेलं असो.

गोदाकाठी | ५ मे, रात्री ११:१५ (नाशिक)

मी इथे भारतात बसून वाचतेय, आरव्ही आतून कधी बघितलेली नाही. एक बाळबोध प्रश्न : ती मैल्याची टाकी रिकामी कुठे आणि कशी करतात? हाताने?

आडवाट | ५ मे, दुपारी ४:३०

बाळबोध नाही, मुख्य प्रश्न तोच आहे. कॅम्पग्राउंडमध्ये किंवा हायवेवरच्या काही पेट्रोल पंपांवर डंप स्टेशन असतं : जमिनीत झाकण असलेलं भोक, खाली ड्रेनेज. गाडी शेजारी लावायची. गाडीच्या पोटाशी तीन इंची तोंड असतं, त्याला जाड नळी जोडायची, दुसरं टोक भोकात घट्ट बसवायचं. हातमोजे घालूनच.

क्रम महत्त्वाचा. आधी ब्लॅकची झडप. मैला गेला की संडासातून दोन-तीन बादल्या पाणी ओतून पुन्हा सोडायचं, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. ब्लॅक बंद. मग ग्रे उघडायचा. साबणाच्या पाण्याने तीच नळी आतून धुतली जाते. उलट केलंत तर घाण नळी तशीच गुंडाळून कप्प्यात जाते.

आणि तोंडावरचं झाकण काढताना जरा बाजूला उभं राहायचं. झडप नीट बसलेली नसेल तर झाकणामागे पाणी साचलेलं असतं.

सुरंगी, तुमच्यासाठी : अप्पर पाइन्सच्या जवळच डंप स्टेशन आहे. तिथे दोन प्रकारचे नळ दिसतील. एक नळी धुवायचा, त्यावर 'पिण्यास अयोग्य' लिहिलेलं असतं. त्या नळाचा आणि फ्रेश टँकचा संबंध येता कामा नये. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी वेगळी, तिचा कप्पाही वेगळा.

उन्हाळपक्षी | ५ मे, सायंकाळी ५:१०

यात एक भर. पूर्ण हुकअपच्या जागी गेलात तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवून बसू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं, वाटलं आपोआप वाहून जाईल. पातळ तेवढं वाहून गेलं, घट्ट मागे राहून त्याचा डोंगर झाला. शेवटी टाकी कोमट पाण्याने भरून दिवसभर वळणावळणाच्या रस्त्याने गाडी हिंडवली, तेव्हा सुटला. झडप बंद ठेवायची, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. त्या लोंढ्याबरोबरच घट्ट माल निघतो.

इझारकाठ | ६ मे, सकाळी १०:०० (म्युनिक)

इकडे युरोपात पद्धत वेगळी. आमच्या गाडीत ब्लॅक टँक नाही, कॅसेट आहे. संडासाखाली वीसेक लिटरची चपटी पेटी, बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची, चाकांवर ओढत न्यायची आणि ठरलेल्या जागी ओतायची. दोघांना दोन-तीन दिवस पुरते. रोज उठून रिकामी करावी लागली तरी गाडी हलवावी लागत नाही, हा मोठा फायदा. तुमच्याकडे गाडी जागेवरून न काढता टाकी रिकामी करायची काही सोय नाही का?

आडवाट | ६ मे, सकाळी ८:२०

आहे, चाकांची निळी टाकी मिळते. ग्रेचं पाणी त्यात घ्यायचं आणि डंप स्टेशनपर्यंत ओढत न्यायचं. पण पंधरा गॅलनची भरली की ५७ किलो होते. भाड्याच्या गाडीत ती ठेवायची कुठे हाही प्रश्नच. चार रात्रींसाठी मी विकत घेणार नाही.

रानवाट | ६ मे, रात्री ८:४५

इतकं कशाला जिवाला लावून घेता? ग्रे म्हणजे साबणाचं पाणी. आम्ही रात्री एखाद्या झाडाच्या बुंध्याशी हळूच सोडतो. झाडालाही पाणी मिळतं.

उन्हाळपक्षी | ६ मे, रात्री ९:२०

रानवाट, कृपा करून हे करू नका. नॅशनल पार्कमध्ये गाडीतलं सांडपाणी नेमलेल्या जागेशिवाय सोडायला नियमाने बंदी आहे आणि ती बंदी योग्य आहे. त्या पाण्यात नुसता साबण नसतो. तेल, भाताची शितं, डाळीचे कण, हाडांचा रस्सा असतो. योसेमिटीत अस्वलं आहेत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल वस्तीत येऊ लागतं, आणि त्याची शिक्षा शेवटी अस्वलाला भोगावी लागते, कधी जिवानिशी. तुमच्यानंतर त्या जागेवर तंबू लावणाऱ्या पोरांचाही विचार करा. एका जागेवर हंगामात किती कुटुंबं येतात! प्रत्येकाने तीस गॅलन ओतलं तर त्या झाडाखाली काय राहील?

रानवाट | ६ मे, रात्री १०:०५

अस्वलाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पटलं. यापुढे नाही.

केवडा | ७ मे, सकाळी ९:३०

भांड्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. आपल्या स्वयंपाकाला तेलाची फोडणी लागते आणि ग्रे टँकचं वाटोळं तिथेच होतं. तेल टाकीच्या भिंतीला धरतं, त्यावर डाळ-भात चिकटतो, उन्हात आंबतो. तो वास ब्लॅकपेक्षा वाईट असतो, हे मी अनुभवाने सांगते.

ताट-वाटी आधी कागदाने स्वच्छ पुसायची, कागद कचऱ्यात. मग फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी, ते मारून घासायचं. मग एका टोपात दोन लिटर पाणी घेऊन सगळं एकदम विसळायचं. चार माणसांची भांडी तीन लिटरमध्ये होतात. बेसिनच्या भोकाला बारीक जाळी लावा.

आणि जेवण तसं ठरवा. मी घरून दशम्या, मेतकूट, दाण्याची चटणी, तळलेले सांडगे नेते. रात्री कुकरात मुगाची खिचडी, एकच भांडं. पहिल्या सहलीला छोले केले होते. ती कढई धुवायला किती पाणी गेलं ते आठवलं की वाईट वाटतं.

आडवाट | ७ मे, सकाळी १०:१०

केवडा यांच्या विसळण्याच्या पाण्यात आणखी एक गोष्ट करता येते. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, संडासात ओता. शॉवर गरम होईपर्यंत जे गार पाणी येतं तेही बादलीत धरा आणि फ्लशला वापरा. ब्लॅकला पाणी हवंच असतं आणि ग्रेला जागा हवी असते. एकाच बादलीत फ्रेशची बचत, ग्रेला दिलासा, ब्लॅकला द्रव. हुकअपशिवाय जास्त दिवस काढणारे सगळे हेच करतात. फक्त तेलकट किंवा शितं असलेलं पाणी गाळून घ्या.

ब्लॅकचाही हिशोब सांगतो. पाच माणसांनी सगळं आतच केलं तर ९५ लिटर दोन-अडीच दिवसांत भरेल. अप्पर पाइन्समध्ये फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. दिवसा सगळ्यांनी तिथे जायचं, आतला संडास रात्रीपुरता आणि आईंसाठी. मग चार दिवस आरामात निघतात.

उन्हाळपक्षी | ७ मे, दुपारी २:००

आंघोळीसाठी योसेमिटीतल्याच करी व्हिलेजमध्ये पैसे देऊन शॉवर मिळतो, मध्ये एक दिवस सगळ्यांनी तिथे जाऊन या. गाडीत करायचीच तर अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण लावायचा, पुन्हा सोडून धुवायचं. शॉवरच्या दांड्यावर बंद करायचं बटण असतं.

फ्रेश टँकचं पाणी पिण्यासाठी मी भाड्याच्या गाडीत वापरत नाही, वेगळे कॅन नेतो. स्वतःची गाडी असेल तर वर्षातून दोनदा टाकी निर्जंतुक करतो : पंधरा गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत फिरवायचं, रात्रभर ठेवायचं, सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत खळखळून धुवायचं.

घाटात चढताना फ्रेश टँक भरून नेऊ नका. १५१ लिटर म्हणजे १५१ किलो. वीस-तीस लिटर ठेवा, बाकी वर पोचून भरा. आणि हायवे १२० ने जाणार असाल तर ओल्ड प्रीस्ट ग्रेडचा उभा चढ टाळा, फोनमधला नकाशा जवळचा म्हणून तोच दाखवेल. न्यू प्रीस्ट ग्रेडने जा.

सुरंगी | ७ मे, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं लिहून फ्रिजवर लावलं आहे. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "एवढं काय त्यात? दीडशे लिटर म्हणजे दहा कळश्या. आपण दोन हजार सोळाला कसे राहिलो?" आल्यावर लिहिते.

सुरंगी | १९ जून, रात्री १०:३०

आलो! वृत्तांत लिहायला थोडा उशीर झाला.

गाडी घेताना ब्लॅकची झडप उघडून दाखवायला सांगितली. तिथला मुलगा जरा नाराज झाला, पण त्याने दाखवली. टाकी रिकामी होती. केवडा, तुमच्या मुलीला माझ्याकडून थँक्यू सांगा.

पाण्याचं मात्र मी ठरवलं होतं तसं काहीच झालं नाही, कारण पहिल्याच संध्याकाळी आईने कारभार हातात घेतला. मी सगळ्यांना नळ बारीक सोडायला सांगत होते. मुलं विसरत होती, नवरा विसरत होता, मीही विसरत होते. आईने तासभर बघितलं आणि म्हणाली, "पंप बंद कर. नळातून किती गेलं ते दिसत नाही, म्हणून हात आखडत नाही. भांड्यात भरून ठेव."

आमच्याकडे तोटी असलेला सात गॅलनचा कॅन होता, २६ लिटरचा, पिण्याचं पाणी न्यायला घेतलेला. तिने तो बेसिनच्या कडेला ठेवला. सकाळी कॅम्पग्राउंडच्या नळावरून भरायचा आणि दिवसभराचं तोंड-हात-भांडी त्यातच. अर्धपारदर्शक असल्याने पाण्याची रेघ दिसते. दुपारी दोन वाजता रेघ अर्ध्याच्या खाली गेली की सगळ्यांना आपोआप कळायचं. माझा सहा वर्षांचा मुलगा तर पहारेकरीच झाला. बाबाने दाढीला जास्त घेतलं की ओरडून सांगायचा.

मी वहीत लिहून ठेवलंय. पहिल्या दिवशी ३१ लिटर (कॅन सुरू करायच्या आधी नळानेच बरंच गेलं). दुसऱ्या दिवशी २४. तिसऱ्या दिवशी २२, त्या दिवशी आंघोळी करी व्हिलेजला केल्या. चौथ्या दिवशी २७. एकूण १०४ लिटर, आणि त्यातलं बरंचसं स्वयंपाकात, पिण्यात आणि आडवाट यांच्या युक्तीने फ्लशमध्ये गेलं. आईने रोज गाडीतच आंघोळ केली, बादलीत पाच लिटर कोमट पाणी आणि तांब्या. ते पाणी मात्र ग्रेमध्येच गेलं. पॅनेलवरचा ग्रेचा दिवा दुसऱ्या सकाळपासून दोन तृतीयांशवर होता तो शेवटपर्यंत तिथेच. तुमचं वाचलं नसतं तर मी त्या दिव्याला घाबरून दुसऱ्याच दिवशी गाडी काढून डंपला नेली असती.

एका संध्याकाळी शेकोटीशी बसलो होतो तेव्हा मुलांनी आजीला विचारलं, तुला एवढं कसं माहीत? मग तिने लातूरचं सांगितलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते मी इथे बातम्यांत पाहिलं होतं, आईला फोनही केला होता. ती तेव्हा "आहे, चाललंय" एवढंच म्हणाली होती. आता सांगत होती की टँकर कधी येईल ते माहीत नसायचं, रात्री दोनला हॉर्न वाजला तरी पिंप घेऊन धावायचं. आंघोळीचं पाणी परातीत उभं राहून धरायचं, त्याने फरशी पुसायची, तेच पुन्हा संडासाला. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. बाबा आजारी होते त्या उन्हाळ्यात, त्यांचे कपडे रोज धुवावे लागायचे. शेजारच्या काकू त्यांच्या वाट्यातली एक कळशी रोज आमच्या दारात ठेवून जायच्या, न बोलता. हे मला आठ-नऊ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पंचवीस फुटी गाडीच्या पायरीवर बसून, वर एवढे उंच पाइन, तेव्हा सांगितलं. मला रडू आलं.

शेवटच्या सकाळी डंप. नवऱ्याने हातमोजे घातले, क्रम लावला, ब्लॅक आधी. संडासातून बादल्या मी ओतत होते. सगळं दहा मिनिटांत झालं आणि कुठेही काही सांडलं नाही. ग्रे किती भरला होता ते नक्की सांगता येणार नाही, पण नळी लवकरच थांबली.

उन्हाळपक्षी | २० जून, सकाळी ६:५०

सुरंगी, दोनदा वाचलं. सौ.लाही वाचून दाखवलं, ती मूळची दुष्काळी माण तालुक्यातली. तिने लगेच कॅनची चौकशी केली. तोटी कुठल्या बाजूला आहे आणि झाकणाला हवेचं भोक आहे का? भोक नसलं तर धार थांबत थांबत येते.

सुरंगी | २० जून, सकाळी ८:१०

तोटी झाकणातच आहे, प्रवासात उलटी फिरवून आत बसते. वरच्या कोपऱ्यात हवेचं छोटं बूच आहे, ते सैल केलं की धार सलग येते. भरलेला कॅन २६ किलोचा, मी एकटी उचलू शकत नव्हते. आम्ही अर्धा-अर्धा करून दोन खेपांत भरत होतो. तुम्ही दोघंच असाल तर चार गॅलनचे दोन घ्या.

केवडा | २० जून, दुपारी १२:४०

मुलीला निरोप सांगितला. सप्टेंबरमध्ये आम्ही झायन नॅशनल पार्कला चाललोय, वॉचमन कॅम्पग्राउंड. तिथे वीज मिळते, पाणी आणि ड्रेनेज नाही. या वेळी ती म्हणते, कॅनवर लक्ष मी ठेवणार.